तुम्ही विचारलंत म्हणून: थर्माकोल नाही, तर मखर कशाचं?

श्रावण लागला की हा प्रश्न ठरलेलाच: "२०१८पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे, मग घरच्या गणपतीला मखर कशाचं करायचं?"

पुठ्ठ्याचं करा. मात्र त्यावर चकचकीत सोनेरी कागद डकवला, ग्लू गनने मणी चिकटवले आणि कडेने सेलोटेप फिरवली, की तो पुठ्ठा रद्दीवालाही घेत नाही. सामान साधं असूनही मखर कचऱ्यात जातं ते या जोडकामामुळे. म्हणून जोड कसे घ्यायचे, ते आधी ठरवा.

फूटभर मूर्तीला आतून दोन फूट उंच, अडीच फूट रुंद आणि दीड फूट खोल मखर पुरतं. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा जाड, पाचपदरी पुठ्ठा घ्या. खांब कापताना आतल्या नळ्या उभ्या राहतील असं बघा. त्या आडव्या आल्या तर खांब वजनाने मध्येच वाकतो, आणि ही चूक फार जण करतात. जोडाला टेप नको, खाचा पाडा: एका तुकड्याला वरून निम्म्यापर्यंत, दुसऱ्याला खालून निम्म्यापर्यंत, आणि एकमेकांत बसवा. खाच पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच हवी. सहा मिलिमीटरच्या पुठ्ठ्याला आठची खाच पाडलीत तर मखर डुगडुगणारच.

कागद डकवायला खळ करा. चार मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत ओता आणि पारदर्शक होईपर्यंत शिजवा. पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, पाण्यातल्या माशांनाही घातक, घालू नका. खळ लागेल तेवढीच, रोज ताजी करा.

पुठ्ठा वाकडा होतो, अशी तक्रार तर दरवर्षीची. ओला कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. उपाय सोपा: मागच्या बाजूलाही तसाच कागद लावा आणि रात्रभर सपाट वजनाखाली ठेवा. भाद्रपदातल्या दमट हवेत वाळायला दोन दिवस धरा. म्हणजे काम चतुर्थीच्या चार दिवस आधी संपलेलं बरं.

पडद्याला घरातली सुती साडी उत्तम. चुण्या टाचण्यांनी धरा, डिंक लावू नका. झेंडूच्या माळा सुती दोऱ्यातच ओवा. नायलॉनचा दोरा निर्माल्याबरोबर खतात गेला की वर्षानुवर्षं तसाच राहतो. छतासाठी सिंधुदुर्गातली माटवी किंवा गोव्यातली माटोळी बघा: लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, काकडी, दोडके आणि रानातली फळं-फुलं बांधतात. यापेक्षा देखणं छत आम्हाला तरी माहीत नाही. पण हे ओझं छताच्या कड्यालाच टांगायचं, पुठ्ठ्याच्या खांबांवर टाकायचं नाही.

समई मखराबाहेर, कागद आणि कापडापासून किमान दीड फूट दूर, परातीत ठेवा. आत उजेडाला एलईडी माळ लावा. हॅलोजनने कागद तापतो.

विसर्जनानंतर खाचा सोडवा, प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलने क्रमांक घाला आणि कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर आडवे ठेवा. जमिनीवर ठेवलेला पुठ्ठा ओल धरतो आणि पुढच्या वर्षी खांब उभे राहत नाहीत.