टॅगचा फोटो आणि हुकलेले कास

पुण्याहून साताऱ्याला जाण्याला आमच्या घरी कोणी सहल म्हणत नाही. थोरली बहीण शाहूपुरीत राहते. शुक्रवारी संध्याकाळी कात्रजचा बोगदा ओलांडायचा, रात्रीच्या जेवणाला तिच्या घरी पोहोचायचे, शनिवारी ठोसेघर, सज्जनगड किंवा कास यांपैकी एखादे ठिकाण करायचे आणि रविवारी दुपारचा चहा घेऊन परतायचे, हा महिन्यातून दोनदा तरी चालणारा क्रम आहे. त्यामुळे १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा मी लगेच हिशेब मांडला. त्या वेळी ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते. साताऱ्यापर्यंत खेड शिवापूर आणि आनेवाडी असे दोन नाके, प्रत्येक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे जाऊन-येऊन चार फेऱ्या. पास वर्षभर पुरून उरणार होता. हिशेबात चूक नव्हती. पास मात्र हाती यायला ऑक्टोबर उजाडला, आणि ज्या एका फोटोपायी तो अडला त्याची चीड अजूनही गेलेली नाही.

सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी नाक्यावर फाटक वर गेलेच नाही. खात्यात शिल्लक होती, तरी समोरच्या यंत्रावर टॅग काळ्या यादीत दिसत होता. त्यात नाक्यावरच्या मुलाचा काही दोष नव्हता. चालू टॅग नसेल तर दुप्पट रक्कम घ्यायची, हा नियम त्याने केलेला नव्हता. पुढच्या नाक्यावरही दुप्पट भरली. (१५ नोव्हेंबर २०२५ पासून ही रक्कम यूपीआयने भरली तर दुपटीऐवजी सव्वापट घेऊ लागले.) रात्री बहिणीच्या घरी बसून बँकेचे जुने संदेश उपसले, तेव्हा उलगडा झाला. टॅग ज्या वाहनासाठी दिला त्याच वाहनावर चिकटवला आहे की नाही याची पडताळणी, म्हणजे केवायव्ही, माझ्याकडून राहिली होती. संदेश दोन महिन्यांपूर्वीचा होता आणि मी तो जाहिरात समजून वाचलाच नव्हता, हे मान्य करायला हवे.

मागणी साधी दिसत होती: नोंदणी पुस्तिकेच्या दोन्ही बाजू, गाडीचा बाजूने घेतलेला एक फोटो आणि समोरून घेतलेला एक फोटो, ज्यात नंबर प्लेट आणि काचेवरचा टॅग दोन्ही स्पष्ट दिसतील. रविवारी परत दुप्पट टोल भरायचा नाही, या हट्टाने मी शनिवारी सकाळी सातलाच गाडीपुढे उभा राहिलो. त्याच दिवशी कासची सकाळच्या पहिल्या सत्राची नोंदणी होती. ती आम्ही आठवड्यापूर्वी ऑनलाइन केली होती आणि पाच मिनिटांत झाली होती, त्यामुळे तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

अडचण अशी की नंबर प्लेट खाली बंपरवर असते आणि टॅग वर, आतल्या आरशाच्या मागे असतो. दोन्ही चौकटीत यावेत म्हणून मागे सरकले की टॅगवरचे आकडे मुंगीएवढे होतात, आणि आकडे वाचता यावेत म्हणून पुढे गेले की प्लेट कापली जाते. त्यात पावसाळी आभाळ. आभाळ भरलेले असले की ऊन नसल्यामुळे फोटो चांगला येईल असा माझा समज होता, परंतु मोटारीची पुढची काच तिरपी असल्यामुळे सगळे पांढरे आभाळ तिच्यात उतरते आणि टॅगच्या जागी दुधाळ पट्टा तेवढा दिसतो. मी तेरा फोटो काढले, त्यांतल्या त्यात बरा निवडून चढवला आणि घड्याळ पाहिले, तर नऊ वाजून गेले होते. मुले आंघोळ करून, टोप्या घालून ओट्यावर बसली होती. बायको काही बोलली नाही, आणि न बोलण्याचा तो प्रकार मला चांगला ओळखीचा आहे. यवतेश्वरचा घाट चढून, सुमारे २५ किलोमीटर जाऊन, वाहनतळावर गाडी लावून सत्र संपण्यापूर्वी पठार पाहणे शक्य नव्हते. कास हुकले ते माझ्या हट्टापायी. त्याचे खापर बँकेवर फोडणार नाही.

बँकेवर फोडण्यासारखे पुढे पुष्कळ आहे. फोटो तपासायला दोन दिवस लागतील असे उत्तर आले आणि तिसऱ्या दिवशी तो नाकारला गेला. कारण होते, 'प्रतिमा अस्पष्ट'. कोणती प्रतिमा, पुढची की बाजूची, हे कुठेच लिहिलेले नव्हते. फोन केला. सात-आठ बटणे दाबून घेतल्यावर ज्या मॅडम बोलल्या त्यांनाही ते दिसत नव्हते. त्यांनी नम्रपणे सगळेच फोटो पुन्हा चढवायला सांगितले. दुसरे फोटो पुण्यात सोसायटीच्या तळघरात काढले. तिथे आभाळ नव्हते, पण डोक्यावरची ट्यूबलाइट नेमकी टॅगवर उमटली. पुन्हा दोन दिवस आणि पुन्हा तेच दोन शब्द. माणूस चुकला तर त्याला नेमकी चूक दाखवावी, एवढी साधी रीत जिथे नाही, तिथे नियम कितीही योग्य असला तरी तो जाच वाटतो.

सुटका झाली ती पुढच्या वारीत, दाजींच्या छत्रीमुळे. मी पुन्हा गल्लीत वाकून फोटो घेत असताना दाजी बाहेर आले, क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, "पाव्हणं, काचेत आभाळ दिसतंय, टॅग कुठला दिसतोय? थांबा." त्यांनी आजोबांच्या वेळची मोठी काळी छत्री आणली आणि बॉनेटच्या कडेला उभे राहून ती काचेवर आडवी धरली. काळ्या कापडाखाली काच काळी झाली आणि टॅगवरचा आकडा न् आकडा उमटला. मी सातआठ फुटांवर गुडघे टेकून, फोन उभा धरून फोटो घेतला, तेव्हा प्लेटही पूर्ण आली. फोनचा फ्लॅश बंद ठेवावा, हे इथेच सांगितलेले बरे. सोमवारी टॅग चालू झाला आणि पासची वाट मोकळी झाली.

प्रत्यक्ष पास घ्यायला अगदीच थोडा वेळ लागला. तो राजमार्गयात्रा या ॲपवरून किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घ्यावा लागतो, फास्टॅगमधली शिल्लक त्यासाठी चालत नाही. टॅग केवळ चॅसी क्रमांकावर नोंदलेला असेल, तर आधी गाडीचा नोंदणी क्रमांक जोडून घ्यावा. मुंबईहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या नाक्यांपुरता असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या अखत्यारीत असल्यामुळे तिथला टोल नेहमीप्रमाणे शिलकेतून जातो, म्हणून शिल्लक शून्यावर आणू नये.

त्या हुकलेल्या शनिवारी दुपारी आम्ही मुलांना लिंबची बारा मोटांची विहीर दाखवली. महामार्गापासून ती फार आत नाही आणि नोंदणीची कटकट नाही. कास नंतर बघितले, तेही सुट्टी काढून मधल्या वारी, तेव्हा सोनकी पिवळीधमक होती. तेरडा मात्र ओसरला होता.

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस मोटारींसाठी बाजूचा फोटो रद्द झाला. पुढे १ फेब्रुवारी २०२६ पासून मोटारींच्या नव्या टॅगसाठी ही पडताळणीच बंद झाली आणि जुन्या टॅगसाठीही ती तक्रार असेल तेव्हाच करायची ठरली. ही बातमी मी दाजींना फोनवर वाचून दाखवली. छत्री अजून माझ्याच डिकीत आहे, ती कधी आणणार, एवढेच त्यांनी विचारले.