नाशिकला समुद्र नाही, मग बेटे कुठे पाहता?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण कपाटातली माझी इवलीशी बेटे पाहून हा प्रश्न विचारतो. बेटे ‘ड्रेडफ्लीट’ची आहेत. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने २०११ मध्ये काढलेला हा काल्पनिक जगातील सागरी युद्धाचा खेळ. त्यात प्लॅस्टिकची १० जहाजे, काही बेटे आणि पटाऐवजी समुद्र छापलेले मोठे कापड येते. जहाजे सगळेच मन लावून रंगवतात. बेटांच्या वाट्याला मात्र बहुधा उरलेला रंग आणि उरलेला वेळ येतो. मला ते पटत नाही, कारण जहाज केवढे मोठे आहे हे डोळ्यांना सांगण्याचे काम शेजारचे बेटच करते.

ही बेटे मी कशी रंगवतो ते सविस्तर सांगतो. पहिले बेट मी सर्वांसारखेच रंगवले होते : काळा प्राइमर, म्हणजे अस्तराचा रंग, त्यावर राखाडी, आणि कडा उठून दिसाव्यात म्हणून शेवटी पांढऱ्या रंगाचा कोरडा, म्हणजे जवळजवळ पुसून घेतलेला ब्रश. काम नीटनेटके झाले होते. माझ्या मुलीने ते पाहून विचारले, “बाबा, दगडापाशी जहाज कशाला ठेवलंय?” तिचे म्हणणे खरे होते. मी हातात मावणारा दगड रंगवला होता, आणि त्यामुळे शेजारचे जहाज खेळण्यातले दिसू लागले होते.

मग मी हिशेब मांडला. बोटाएवढे, म्हणजे ६ सेंटीमीटरचे जहाज ६० मीटरचे मानले, तर बेटावरचा १ मिलिमीटर म्हणजे १ मीटर. मुठीएवढे बेट हा मग दगड राहत नाही, तो डोंगर होतो. आणि डोंगर कसा दिसतो हे पाहण्यासाठी नाशिककराला समुद्रावर जाण्याची गरज नाही. त्र्यंबक रस्त्याने निघाले की अंजनेरी समोर दिसू लागते. तोच कातळ पायथ्याशी जाऊन हाताळला तर काळपट, खरखरीत लागतो, आणि शहरातून पाहिला तर फिकट, निळसर दिसतो. मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश गडद छटा धुऊन काढतो. तेव्हापासून मी बेटावर काळा रंग लावत नाही. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा गडद निळा रंग एकत्र केले की जो गडद करडा रंग मिळतो, त्याच्यात ऊबही असते आणि निळाईही. आणि तो उजळायचा असेल तेव्हा पांढऱ्याऐवजी पिवळसर माती रंग घालतो, कारण निव्वळ पांढऱ्याने खडक खडू लावल्यासारखा दिसतो.

डोंगरांनी आणखी एक गोष्ट शिकवली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून आपला सह्याद्री तयार झाला, म्हणून त्याला पायऱ्या आहेत : उभा कडा, खाली गवताचा पट्टा, पुन्हा कडा. माती आडव्या जागी टिकते आणि गवत मातीवर उगवते. प्लॅस्टिकच्या बेटाला अशा सरळ पायऱ्या नसल्या तरी हा नियम तिथेही लागू होतो. त्यामुळे मी आधी बेट हातात फिरवून पाहतो, जिथे माती थांबली असती त्या जागा ठरवतो, आणि तेवढ्यांवरच गवताचा रंग देतो. उभ्या कड्यांवर, पावसाचे पाणी जिथून ओघळते तिथे, केसासारख्या बारीक गडद रेघा ओढतो. गवत मार्गशीर्षातले, वाळून सोनेरी झालेले असावे असे माझे मत आहे. श्रावणातल्या हिरव्यापुढे कातळाचे आकार बुजून जातात.

बाजारात मिळणारे बारीक धाग्यांचे तयार गवत मात्र मी वापरत नाही. लहानपणी पंचवटीत आम्ही दिवाळीचा किल्ला करायचो, त्यावर अळीव पेरायचो, आणि चार-पाच दिवसांनी मावळे त्या रोपांत बुडून जायचे. तेव्हा त्याचा आनंदच वाटे, पण इथे २ मिलिमीटरचा धागा म्हणजे पुरुषभर उंचीचे गवत होते. त्याऐवजी चहाच्या गाळणीतून चाळलेला लाकडाचा भुसा रंगवून पातळ गोंदावर भुरभुरवतो.

पाणरेषेपाशी मात्र नाशिक अपुरे पडते, हे मान्य केले पाहिजे. त्यासाठी मी मुरूडला जाऊन ओहोटीच्या वेळी खडकांपाशी बसून राहिलो. खडक पाण्यापाशी एका रंगाचा नसतो. सर्वांत वर, जिथे फक्त तुषार पोहोचतात तिथे, काळसर पट्टा. त्याखाली कालवांच्या शिंपल्यांनी आलेला मळकट पांढरेपणा. आणि अगदी खाली शेवाळाचा हिरवट तपकिरी ओलावा. हे पट्टे मिळून तीन-चार मीटरचे, म्हणजे बेटावर जेमतेम तीन-चार मिलिमीटर. एवढ्याशा जागेत तीन रंग एकमेकांत मिसळू न देता बसवायला मला एक पूर्ण रविवार लागतो, आणि संपूर्ण बेटात मी सर्वाधिक जपतो ते हेच काम. फेस त्यानंतर, आणि तोही चारही बाजूंना अगदी विरळ, कारण या खेळात वारा बदलत राहतो आणि एकाच बाजूला आपटणारी लाट दोन डावांत खोटी ठरते.

सध्या टेबलावर तिसरे बेट आहे. सुळक्यांच्या टोकांवर काय करावे हे सुचत नव्हते, म्हणून गेल्या आठवड्यात पहाटे नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो. पाणकावळे जिथे रोज बसतात, त्या खडकांच्या माथ्यावरून विष्ठेचे पांढरे ओघळ खाली आलेले होते. माथ्यावर दाट आणि खाली येता येता तुटक. उद्या तेच करून पाहणार आहे, फक्त सर्वांत उंच दोन सुळक्यांवर.