दाब ८४८
मोंटानातल्या एका छोट्या चाचणी केंद्रात मी मोजमापाचं काम करतो. बंदूक बॉस चालवतो, आकडे मी सांभाळतो. त्या दिवशी काम साधंच होतं. एका गोळ्या बनवणाऱ्याने .३०८ कॅलिबरची, १७५ ग्रेन वजनाची बोट-टेल, म्हणजे मागे निमुळती होत गेलेली, गोळी पाठवली होती. जुन्या कॅटलॉगात तिचा बॅलिस्टिक कोएफिशिअंट, म्हणजे बीसी, ०.४९६ छापलेला. तो आकडा अजून टिकतो का, एवढंच त्याला हवं होतं.

हवेला दाद न देण्याची गोळीची ताकद म्हणजे बीसी. तो जितका जास्त, तितका वाटेत वेग कमी गळतो. तो एका ठरलेल्या नमुना-गोळीशी तुलना करून काढतात. हा ०.४९६ जी१ मापातला. जी१ची नमुना-गोळी सपाट बुडाची, एकोणिसाव्या शतकातल्या क्रुप या जर्मन तोफा-कंपनीच्या चाचण्यांवर बेतलेली. आजच्या निमुळत्या गोळीला तो सदरा नीट बसत नाही, म्हणून वेग बदलला की बीसीही बदलतो. लांबट, निमुळत्या बुडाच्या नमुना-गोळीचा जी७ बरा बसतो. पण त्यात याच गोळीचा आकडा ०.२५च्याही खाली येतो, आणि लहान आकडा कॅटलॉगात कुणाला आवडतो?

सकाळी दोन्ही क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारी यंत्रं, आधी एकामागे एक ठेवून दहा गोळ्या दोन्हींतून काढल्या. ही पायरी मी कधीच गाळत नाही. दोघांत ४ फूट प्रति सेकंदाचा फरक निघाला. २६००च्या वेगात ४ म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण १०० यार्डांत आमच्याकडे वेग घटतो जेमतेम दीडशे फुटांनी. त्या दीडशेतले ४ म्हणजे बीसीत अडीच टक्क्यांहून जास्त चूक. फरक नोंदवला, दुसरा क्रोनोग्राफ १०० यार्डांवर नेला, वीस गोळ्या झाडल्या. वेग आणि हवेचा दाब सॉफ्टवेअरमध्ये घातले. सरासरी बीसी आला ०.५८६.

कंपन्या बीसी फुगवून छापतात अशी कुजबूज या धंद्यात कायम असते. इथे उलटं घडलं होतं! छापलेल्यापेक्षा मोजलेला आकडा १८ टक्क्यांनी सरस. मी हुरळलो आणि गिऱ्हाइकाला लगेच ईमेल टाकून मोकळा झालो.

बॉस सत्तरीचा, फौजेतून निवृत्त. कागद बघून म्हणाला, "ही गोळी उडत गेली की तरंगत?" मग माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा दाब कुठून आणलास?"

"मोबाईलवरून. १०१६ मिलिबार."

त्याने खिशातून हवामान मोजायचं छोटं यंत्र काढून माझ्यासमोर धरलं. ८४८.

आमचं रेंज समुद्रसपाटीपासून साधारण १५०० मीटरवर आहे. मोबाईलवरचा दाब असतो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला. इथल्या हवेचा नव्हे. मी सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की गोळी दाट हवेतून गेली, आणि ती गेली होती विरळ हवेतून. वेग कमी गळला त्याचं श्रेय सॉफ्टवेअरने गोळीला देऊन टाकलं. आई इथे राहायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अरे, इथे डाळ शिजतच नाही." तिला जे पातेल्यात कळलं ते मला तीन वर्षं नोकरी करूनही सुचलं नाही.

८४८ घातल्यावर ०.४८९. आता छापलेल्यापेक्षा थोडा कमी. म्हणजे फुगवलाच होता की, असं मी पुटपुटलो. बॉसने मान हलवली. "कुठल्या हवेतला आकडा आहे ते तरी बघ." कॅटलॉगच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत होतं: आर्मी स्टँडर्ड मेट्रो. अमेरिकेतल्या जुन्या तक्त्यांची ही प्रमाण हवा, ७५० मिलिमीटर पाऱ्याची आणि ७८ टक्के आर्द्रतेची. आमचं सॉफ्टवेअर आयकाओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, प्रमाण हवा धरतं, ७६० मिलिमीटरची आणि कोरडी. दोन्हींच्या घनतेत पावणेदोन टक्क्यांचा फरक. ०.४९६ला ०.९८२ने गुणलं तर ०.४८७. आमचा ०.४८९. आणि आमच्या वीस गोळ्याच आपसात ०.४७८ ते ०.५०१ अशा पसरलेल्या.

रिपोर्टात लिहिलं, "फरक आढळला नाही." सकाळच्या ईमेलबद्दल माफी मागितली.

तासाभरात उत्तर आलं: "पहिलाच आकडा छापला तर चालणार नाही का?"