राजाची अडीच घरं

गणेशोत्सवात आपल्या शाळेत बुद्धिबळाच्या स्पर्धा होत. त्या संपल्या की गणिताचे सर जिंकलेल्या मुलांशी एकेक डाव खेळत. सर कसलेले खेळाडू, त्यामुळे समोरचा किती वेळ टिकतो एवढंच बघायला आम्ही गर्दी करायचो.

त्या वर्षी समोर होता सातवीतला, बडोद्याच्या दांडिया बाजारातला एक मुलगा. खेळ आजोबांकडून शिकलेला, म्हणजे देशी: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल.

सरांनी पांढऱ्यांनी वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, सरपण देशीच खेळतायत!" पण सरांची सुरुवात नेहमी अशीच, कडेने. मधली प्यादी हलवली की तुम्ही पाठ केलेल्या चाली पाढ्यांसारख्या म्हणता, असं ते म्हणत. ही डेन्मार्कचा ग्रँडमास्टर लार्सन याची लाडकी सुरुवात. १९७० साली बेलग्रेडला, सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या सामन्यात, पहिल्या पटावर तेव्हाचा जगज्जेता स्पास्की याने त्याला हिच्यावरच १७ चालींत गुंडाळलं होतं. हे सरच सांगत, आणि तरी तेच खेळत.

त्या प्याद्याच्या रिकाम्या घरात सरांचा उंट आला आणि लांबच्या कोपऱ्यातल्या हत्तीवर रोखून बसला. वाटेत काळ्याची दोन प्यादी. मग सरांनी राजाकडच्या उंटापुढचं प्यादं आमिष म्हणून टाकलं. मधल्या प्याद्याने पोराने ते मारलं, कर्ण उघडला, उंटाने दुसरं प्यादंही खाल्लं. हत्ती गेलाच! तेवढ्यात या पठ्ठ्याने राजा उचलला आणि अडीच घरांची उडी घेऊन उंटच मारला.

एकच कल्ला. उडी घेता येते, पण उडीत मारता येत नाही, म्हणून पीटीचे सरही वादात उतरले. गणिताच्या सरांनी लिलो चिवड्याचे (बटाट्याच्या ओलसर चिवड्याचे) हात झटकले.

"आजोबांकडे उडीत मारतात?"

"मारतात, सर."

"मग मेला."

उंट कमी असूनही डाव सरांनीच काढला. उघड्यावर आलेल्या राजाला शहावर शह देत पार पटाच्या कडेला नेलं. पण सरांनी सूट म्हणून आपला वजीर काढून ठेवून खेळण्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं मला अजून वाटतं. पोराने सूट कुठे मागितली होती? त्याने हक्क सांगितला होता.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या नियमांत एक कलम वाढलं: राजाला घोड्याची चाल मिळणार नाही. आजोबांना ते मुळीच मान्य नव्हतं. सूरसागर तलावापाशी सर दिसले की ते त्यांना अडवून अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत भांडत.