वर्गाचा ब्लॉग सुरू करताना

अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील भातपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला मराठी शिकवते. निबंधाच्या वह्या तपासताना मला एक गोष्ट सतत खटकत असे. मुले जे लिहीत, ते केवळ मी तपासावे म्हणून लिहीत, आणि लाल शाईच्या खुणा घेऊन वही परत गेली की त्या लेखनाचे आयुष्य संपत असे. शाळेत हस्तलिखित आणि भित्तिपत्रक होतेच, पण त्यांचे वाचकही गावातलेच, लेखनातला मजकूर आधीपासून जाणणारे. ज्याला आपले गाव ठाऊक नाही अशा वाचकासाठी मुलांनी लिहावे, या इच्छेतून वर्गाच्या ब्लॉगची कल्पना मी शिक्षकांच्या बैठकीत मांडली.

पहिला आक्षेप रास्त होता. "बाई, सरलची माहिती भरायची, युडायस भरायचे, पोषण आहाराची रोजची नोंद करायची, त्यात आणखी हे कशाला?" असे एका ज्येष्ठ सरांनी विचारले. (सरल आणि युडायस या शाळेची व विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्याच्या सरकारी प्रणाली.) त्यांना तंत्रज्ञानाची भीती नव्हती, वेळ अपुरा पडत होता. त्यामुळे स्वतंत्र प्रशिक्षण न घेता, प्रत्येकाने वर्गात जे काम आधीच चालू आहे त्यातलेच काही ब्लॉगवर आणावे, असे आम्ही ठरवले. विज्ञानाचे सर मुलांकडून बाटलीच्या पर्जन्यमापकावर रोजचा पाऊस मोजून घेत असत. घाटघर-रतनवाडीकडच्या मुसळधार पावसाच्या प्रदेशाला लागूनच आमचे गाव असल्याने त्या नोंदींना खरोखर मोल होते. सरांनी पहिल्यांदा त्याच नोंदी मुलांच्या निरीक्षणांसह प्रसिद्ध केल्या आणि पुढे बाकीच्या शिक्षकांना समजावण्याचे काम त्यांनीच माझ्यापेक्षा चांगले केले.

पालकांची संमती हा टप्पा मी मुद्दाम सावकाश घेतला. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या मुलाचे लेखन कोण वाचणार हे समजून घेण्याचा हक्क आईवडिलांना आहेच. शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडून ठराव घेतला, पालकसभेत नमुन्याचे पान सर्वांना दाखवले आणि लेखी संमती घेतली. मुलांचे फक्त पहिले नाव द्यायचे, चेहरा ओळखू येईल असे छायाचित्र टाकायचे नाही आणि प्रत्येक प्रतिक्रिया शिक्षकाने वाचल्यावरच दिसू द्यायची, हे नियमही तिथेच ठरले. तेरा वर्षांखालील मुलांना गुगलचे स्वतंत्र खाते स्वतःहून काढता येत नाही, म्हणून ब्लॉगर या गुगलच्या ब्लॉगसेवेवर शाळेच्या नावाचे एकच खाते ठेवले.

अडचणी बहुतेक साध्या होत्या. गावात रेंज शाळेच्या मागच्या टेकाडावरच मिळते, त्यामुळे मजकूर आधी फोनमधल्या नोंदवहीत टाइप करून ठेवायचा आणि नंतर टेकाडावर जाऊन ब्लॉगवर चढवायचा, असा क्रम बसवावा लागला. संगणकातले जुने साहित्य युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरप्रणालीच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असल्याने ते ब्लॉगवर डकवताच निरर्थक चिन्हे उमटत, ते सर्व पुन्हा टाइप करावे लागले. मुले मात्र देवनागरी कळफलकाला लवकर सरावली. 'वाऱ्यावर'मधला ऱ्य नेमका कसा उमटवायचा, हे सातवीच्या मुलींनी शोधून सगळ्या शिक्षकांना शिकवले.

खरे काम सुरू झाले ते दूरचा वाचक मिळाल्यावर. डी.एड.च्या काळातील माझी एक मैत्रीण सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या शाळेत शिकवते. तिचा वर्ग आमचे वाचू लागला आणि आम्ही त्यांचे. फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२० च्या दशकात खेड्यातल्या वर्गात छापखाना आणून मुलांचे मजकूर दुसऱ्या शाळेतल्या मुलांना टपालाने पाठवले होते. साधन बदलले असले तरी आमचे काम त्याच जातीचे होते. माझ्या वर्गातील एका मुलाने लिहिले होते, "आम्ही राब भाजला. मग पाऊस आला. मग आवणी केली." (राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजायची जागा, आवणी म्हणजे रोपांची लावणी.) वहीत मी यावर कदाचित 'छान' एवढेच लिहिले असते. पण किनाऱ्यावरून प्रश्न आला, "शेत का जाळता? रोपे जळत नाहीत का?" उत्तर देण्यासाठी तो आजोबांकडे गेला. शेण, पाला, फांद्या आणि गवत यांचे थर देऊन ते वरून मातीने कसे दाबायचे, आग धुमसत राहिल्याने तणाचे बी कसे मरते, जमीन कशी भुसभुशीत होते, राख रोपांना कशी उपयोगी पडते आणि पेरणी त्यानंतरच कशी होते, हे विचारून त्याने सगळा लेख पुन्हा लिहिला. तिकडच्या मुलांनी रापणीबद्दल, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून होणाऱ्या मासेमारीबद्दल, लिहिले तेव्हा, जाळे दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्या इतक्या माणसांत मासळीची वाटणी कशी होते, असे आमच्या मुलांनी विचारले आणि त्यांनाही पुन्हा लिहावे लागले.

याच टप्प्यावर शिक्षकाने स्वतःला आवरले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मी पाहिलेल्या अनेक शालेय ब्लॉगांवर परिपत्रके, प्रश्नपत्रिका आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे भरपूर असतात. मुलांचे लेखन थोडे असते, आणि असते तेही मोठ्यांनी इतके घासूनपुसून दिलेले की त्यात मूल सापडत नाही. आम्ही अर्थाला बाधा आणणारे शुद्धलेखन तेवढे मुलासमोर बसून सुधारतो, मात्र वाक्ये त्याचीच राहू देतो. कच्चा खर्डा दोन वर्गमित्रांनी वाचून आपले प्रश्न समासात लिहायचे, ही पद्धतही त्यातूनच रुजली. ज्या घरी स्मार्टफोन नाही, त्या घरासाठी लेखाची छापील प्रत मुलासोबत जाते, कारण आपला लेख आधी आईने वाचावा किंवा कोणाकडून ऐकावा, असे बहुतेक मुलांना वाटते.

शिक्षकांच्या बदल्या झाल्या की असे उपक्रम थांबतात, हे मी इतरत्र पाहिले आहे. म्हणून खाते कोणाच्याही खाजगी फोनशी न जोडता शाळेच्या ईमेलशी जोडले आहे, पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात आहे आणि संमतीपत्रांची फाइल कार्यालयात आहे. यंदा सातवीचा गट शाळा सोडण्यापूर्वी सहावीतल्या मुलांना टायपिंग आणि खर्डा-वाचन शिकवत आहे. पुढच्या पावसाळ्यातल्या नोंदी तीच मुले घेणार आहेत.