अज्ञान

बुधवार, रात्री

वकीलबाईंनी नातवाच्या भेटीच्या अर्जाचा कच्चा मसुदा पाठवला. पहिल्या पानावर मी अर्जदार क्रमांक 1, हे क्रमांक 2. खाली स्वाती, आमची सून, सामनेवाली. तिथवर निभावलं. अडकले त्याच्या पुढच्या ओळीत. 'अज्ञान नामे चिन्मय, वय 5 वर्षे.'

अठरा पुरी होईपर्यंत कागदावर सगळेच अज्ञान, हे म्हणाले. मला का ठाऊक नाही? पण खिडकीत उभं राहून ही शिवाई, ही शिवनेरी असं आवाजावरून सांगणारं पोर माझं. त्याला बघून चौदा महिने झाले. आता त्याला आणखी काय काय ओळखू येतं, मला माहीत नाही. मग अज्ञान कोण?

आजी-आजोबांनी नातवाला भेटावं असा वेगळा कायदाच आपल्याकडे नाही. आहे तो 1890 चा पालक आणि पाल्य कायदा, आणि त्यात बघायचं ते मुलाचं हित. अर्जही नाशिकलाच करायचा, मूल नेहमी राहतं तिथे. म्हणजे दर तारखेला ह्यांचे गुडघे आणि चंदनापुरी घाट. असू दे.

एक गोष्ट इथेच लिहून टाकते. 2022 सालचं एक कात्रण मी पाकिटात जपून ठेवलं होतं. अहमदाबादच्या पाच-सहा वर्षांच्या मुलाचा ताबा सुप्रीम कोर्टानं त्याच्या मावशीकडून काढून वडिलांकडच्या आजी-आजोबांना दिला. किती वेळा वाचलं मी ते! आज पुन्हा काढलं, तेव्हा वरची ओळ नीट वाचली. त्या मुलाचे आई-वडील दोघंही 2021 मध्ये कोरोनानं गेले होते. आणि मी त्यात माझ्यासाठी आशा शोधत होते. आमच्या चिनूची आई आहे. धडधाकट आहे. कात्रण फाडलं. हात कापत होते.

गेलेल्या लेकाच्या, अमोलच्या, विम्याचं मी काही बोलणार नाही. दागिन्यांचंही नाही.

तो शब्द मात्र सुटेना. संध्याकाळी दिवा लावताना आठवलं, मी तो आधी कुठे पाहिला होता. ओतूरच्या सातबाऱ्यावर. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची. त्या उताऱ्यावर माझं नाव, पुढे 'अज्ञान', आणि 'अ.पा.क. आई'. अज्ञान पालनकर्ती. आई तेव्हा सव्वीसची होती. स्वातीहून तीन वर्षांनी लहान.

तीही मला घेऊन मामाकडे निघून गेली होती. आजी वर्षातून दोनदा यायची, एसटीनं, पदरात हरभरे बांधून. आई तिच्याशी एक शब्द बोलायची नाही. चहा पुढे ठेवायची आणि आत जायची. आजी मला मांडीवर घ्यायची, पण नजर सगळी आतल्या दाराकडे. मला वाटायचं, आजीला माझ्याशी खेळायला आवडत नाही. आज कळतंय ती काय बघत होती. आणि आई आत काय करत होती, ते मी तिला कधी विचारलंच नाही.

म्हणजे त्या घरातली अज्ञान मी होते. आता मी आजी आहे, आणि स्वाती आतल्या खोलीत.

रडून झालं. मग वकीलबाईंना फोन लावला. सुट्टीतला पंधरा दिवसांचा मुक्काम अर्जातून काढून टाका म्हटलं. महिन्यातला एक शनिवार, दोन तास, नाशिकलाच, स्वाती म्हणेल तिथे. ती समोर बसली तरी चालेल. बसलीच तर बरं. हे ऐकत होते, काही बोलले नाहीत, गुडघ्याला तेल लावत राहिले.

'अज्ञान' बदलता येईल का, तेही विचारलं. नाही म्हणाल्या, तो कागदाचा शब्द आहे. जन्मतारखेची जागा तेवढी रिकामी राहिलीय, म्हणाल्या.

मी सांगितली. पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं, तेही सांगितलं.