ऑगस्टच्या तारखा

रत्नागिरीकडच्या एका मच्छिमार सहकारी संस्थेचा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेतला हिशेबाचा प्रोग्रॅम नव्या प्रणालीत आणत होतो. स्क्रीन, पावत्या, उचलीची नोंद हे सरळ उरकलं. अडलं व्याजावर. पडताळणीसाठी जुनी कर्जखाती नव्या प्रणालीतून चालवली, तर २००६ चं व्याज पैशापर्यंत जुळलं, २००७ चं जास्त आलं, २००९ चं कमी. सूत्र चुकलं असतं तर सगळीच वर्षं बिघडली असती.

पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात संस्था व्याज लावत नाही. सचिवांनी दिलेली बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. जुन्या कोडमध्ये मात्र १० जूनपुढे एक तक्ता होता: २००६ ला ९ ऑगस्ट, २००७ आणि २००८ ला १५, २००९ ला ५, २०१० ला १५, २०११ ला १३. का, याचं एका ओळीचंही टिपण नाही. 'एम' हे नाव एका फाइलीत मुद्दल, दुसरीत महिना. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडलं की माणसाला एका वेळी चारेक गोष्टीच मनात धरता येतात. त्या चार धरून बसावं आणि प्रिंटर चालत नाही म्हणून फोन यावा, की परत पहिल्यापासून. आमच्याकडे प्रगती मोजतात ती पूर्ण झालेल्या स्क्रीनवर. हा वेळ कोणत्याच रकान्यात बसत नाही.

सहकारी म्हणाला, "कचरा आहे, काढून टाकू." समजत नाही ते कचरा, ही सवय मला घातक वाटते.

शेवटी संस्थेच्या निवृत्त वसुली कारकुनांकडे गेलो. काकांनी कागद पाहिला न पाहिला, म्हणाले, "ह्या बंदी उठायच्या तारखा. नारळी पौर्णिमा नाहीतर पंधरा ऑगस्ट, आधी येईल ती." पूर्वी राज्यात तसाच नियम होता. २००७ ला पौर्णिमा २८ ऑगस्टला, म्हणून १५. २००९ ला ५ तारखेलाच. आणि २००६ ला १० जून ते ९ ऑगस्ट बरोबर ६१ दिवस भरतात, म्हणून तेवढं एक वर्ष जुळून आम्हाला चकवत होतं.

संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ मध्येच लिहिलं होतं की प्रोग्रॅमची खरी समज तो रचणाऱ्यांच्या डोक्यात असते, कोडमध्ये ती पुरती उतरत नाही. इथे ती काकांकडे होती, आणि कंत्राटात त्यांना भेटण्यासाठी एक तासही धरलेला नव्हता.

तक्ता आता कारणासह नव्या प्रणालीत आहे. पण गिलनेट नावाच्या जाळ्याने मासेमारी करणाऱ्या बोटींना एक वेगळा दर लागतो, तो का, हे काकांनाही आठवत नाही. सहकाऱ्याला तो काढायचा आहे. मी अजून काढू दिलेला नाही.